छोटी सॉफ्टवेअर कंपनी आणि मूल्यं: आधी पैसा कुठून येतो ते बघा

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले, आणि तेव्हापासून आपल्याकडचे पतसंस्थांचे सेक्रेटरी, दवाखानेवाले, क्लासवाले सगळे एकच विचारायलेत, की आमच्या कॉम्प्युटरात जे सॉफ्टवेअर चालतंय ते बनवणाऱ्यावर भरवसा ठेवायचा का नाही. दुसरीकडं बेळगाव, खानापूर, निपाणीची इंजिनिअर झालेली पोरं विचारतात, की पुण्या-बेंगळूरला न जाता इथंच चार-पाच जणांची कंपनी काढली, कुणाचा डेटा विकला नाही, कुणाला फसवलं नाही, तर असली कंपनी चालेल का? प्रश्न दोन दिसले तरी मला त्याचं उत्तर एकाच जागी सापडतं. कंपनीचा पैसा कुणाकडून येतो आणि करारात काय लिहिलंय, हे बघायचं. मालक स्वभावानं किती चांगला आहे ते त्याच्या नंतर.

मी याच धंद्यात आहे, आणि मला ह्या विषयाची मनापासून काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सॉफ्टवेअर कंपनी कमावते तरी कशी?

गिरणीचं बघा. आपण गहू घेऊन जातो, गिरणीवाला दळून देतो, दळणाचे पैसे घेतो, पीठ आपलं आपण घरी आणतो. गहू त्याच्या डब्यात अर्धा तास होता म्हणून तो काय त्याचा होत नाही, आणि कुणाच्या घरात किती पोती आहेत हे तो बाजारात सांगत फिरत नाही. सॉफ्टवेअरचं मूळ काम पण एवढंच आहे. माहिती तुमची (हिलाच डेटा म्हणायचं: नाव, मोबाईल नंबर, खात्यावरची रक्कम, कुठला आजार, कुठल्या वर्गात पोरगं), कंपनी ती नीट मांडून, बेरजा करून तुम्हाला परत देणार आणि त्या कामाचे पैसे घेणार.

पैसे येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. वापरणारा स्वतः पैसे देतो, एकदाच किंवा दरवर्षी. आपल्याकडं ह्या वर्षाच्या पैशाला एएमसी म्हणतात, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. नाहीतर वापरणाऱ्याला सगळं फुकट आणि जाहिरातवाला पैसे देतो. नाहीतर गुंतवणूकदार आधी पैसे ओततो, पुढं कधीतरी कित्येक पटीनं परत मिळतील ह्या हिशोबानं. आणि एक चोरवाट आहे, ती म्हणजे गोळा झालेली माहितीच तिसऱ्याला विकायची. स्वतंत्र छोटी कंपनी म्हणतो तेव्हा पहिल्या वाटेनं चालणारी, बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेतलेली कंपनी मी धरतोय.

चांगल्या माणसांच्या हातात असून पण वाट बदलते

व्हॉट्सॲप आपण सगळे वापरतो म्हणून तेच उदाहरण घेतो. २००९ मध्ये यान कूम आणि ब्रायन ॲक्टन ह्या दोघांनी ते उभं केलं, आणि जाहिराती नको असं त्यांचं ठाम मत होतं, त्यांनी ते उघड सांगितलं पण होतं. वर्षाला एक डॉलर फी ठेवली होती, जुन्या लोकांना ते वर्ष संपल्याचं नोटिफिकेशन आठवत असेल. पण वाढीसाठी बाहेरची गुंतवणूक घेतली गेली, आणि २०१४ मध्ये फेसबुकनं कंपनी विकत घेतली, तेव्हा जाहीर झालेली किंमत १९ अब्ज डॉलर होती. २०१६ मध्ये ती एक डॉलरची फी काढून टाकली. वापरणाऱ्यांना आनंद झाला, पण फी गेली म्हणजे वापरणारा हा पैसे देणारा राहिला नाही. २०१७ मध्ये ॲक्टन बाहेर पडले, २०१८ मध्ये त्यांनी सिग्नल ह्या ना-नफा ॲपच्या फाउंडेशनला ५ कोटी डॉलर दिले, आणि जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनं स्टेटसच्या पानावर जाहिराती आणायचं जाहीर केलं.

ह्या गोष्टीत सुरुवात करणारी माणसं लबाड नव्हती. तरी पण त्यांना नको होतं तेच शेवटी झालं, कारण मालकी दुसऱ्याकडं गेली आणि पैशाची वाट बदलली. म्हणून कुणी "आम्ही मूल्यं पाळतो" असं वेबसाईटवर लिहिलं तर मी आधी विचारतो, की तुमचा पगार कोण देतो.

गुंतवणूक घेणं म्हणजे पाप आहे का?

नाही. कारखाना घालायला भांडवल लागतंच, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री घालणाऱ्यानं बँकेचं कर्ज घेतलंय म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही. पण कर्ज आणि सॉफ्टवेअरमधली गुंतवणूक ह्यात फरक आहे, तो समजून घ्या. बँकेला हप्ता फेडला की विषय मिटतो. व्हेंचर कॅपिटल म्हणजे जोखमीच्या धंद्यात मालकीचा वाटा घेऊन लावलेला पैसा, त्याला हप्ता नसतो, त्याला कंपनी प्रचंड वाढलेली किंवा विकलेली हवी असते, कारण तो पैसा लावणाऱ्या फंडानं पण दुसऱ्यांचे पैसे घेतलेले असतात आणि ठरलेल्या मुदतीत ते परत द्यायचे असतात. दहा कंपन्यांत लावलेले पैसे एक-दोघांतनं वसूल करायचे असा तो खेळ, त्यामुळं "आमचं बरं चाललंय, दरवर्षी थोडं वाढतोय" हे उत्तर तिथं चालत नाही. चार जिल्ह्यांतल्या पतसंस्थांना नीट सेवा देऊन पंचवीस घरं चालवणारी कंपनी गावाच्या दृष्टीनं सोन्यासारखी असती, त्या फंडाच्या वहीत मात्र ती फसलेली गुंतवणूक.

आणि बाहेरचा पैसा न घेता मोठं होता येतच नाही असं पण नाही. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी १९९६ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाली, बाहेरची गुंतवणूक घेतली नाही, तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस थाटलं. आपल्या बेंगळूरची झिरोधा, शेअर खरेदी-विक्रीची सोय देणारी कंपनी, २०१० मध्ये स्वतःच्या पैशावर सुरू झाली आणि ग्राहकांच्या फीवर वाढली. त्या कंपन्यांचं सगळंच बरोबर असं मी म्हणत नाही, पण वाट आहे हे त्यातनं दिसतं.

पिग्मीच्या मशीनला काय काय कळतं

मोठ्या कंपन्यांचं बाजूला ठेवू, आता आपल्या गल्लीतलं बघू. पिग्मी आपल्याला नवीन नाही, ही पद्धतच आजच्या कर्नाटकातल्या उडुपीची, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं १९२८ मध्ये दोन आण्यांपासून रोजची बचत दारात येऊन घ्यायला सुरुवात केली. आज संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात नाहीतर खडेबाजारात बघा, पिग्मीवाले काका भाजीच्या गाडीपाशी थांबतात, मावशी कमरेच्या पिशवीतनं पन्नासची नोट काढतात, काका हातातल्या मशीनवर खाते नंबर दाबतात, कर्रर करून दोन बोटं रुंद पावती बाहेर येते, मावशी ती वजनाच्या मापाखाली सरकवतात आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कोथिंबीर बांधायला लागतात. रात्री नाहीतर सकाळी मशीनमधली नोंद शाखेच्या कॉम्प्युटरात चढते, झालं.

आता त्या मशीनच्या पोटात काय साठलं ते बघा. मावशींनी कुठल्या दिवशी पैसे भरले, कुठल्या दिवशी हात जोडून "उद्या या की" म्हणाल्या, गणपतीच्या आठवड्यात किती भरले, जूनमध्ये शाळा सुरू होताना किती काढले, पावसाळ्यात किती दिवस खाडा पडला. दोन-तीन वर्षांचं हे सगळं एकत्र केलं की मावशींना कुठल्या महिन्यात पैशाची चणचण असते हे त्यांच्या घरच्यांच्या आधी कॉम्प्युटरला कळतं. भरमसाठ व्याजानं कर्ज देणाऱ्याला ही यादी मिळाली तर तो ह्या यादीला चांगली किंमत देईल, कारण बरोबर त्या आठवड्यात फोन करता येतो.

आणि ही यादी बाहेर काढायला फार काही लागत नाही, सर्व्हरवरची, म्हणजे जिथं सगळा डेटा साठतो त्या कॉम्प्युटरवरची, एक फाइल कॉपी केली की झालं. मावशींना कळणार नाही, काकांना कळणार नाही, चेअरमनला पण नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले, कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो-फाइली, कॉल लॉग ह्याला हात लावायचा नाही असं त्यात आहे, चांगलं आहे, पण सर्व्हरवरनं मागच्या दारानं कॉपी झालेली फाइल ही वेगळीच गोष्ट झाली. तिथं दाराशी उभा असतो तो सॉफ्टवेअरवाला. सॉफ्टवेअर कंपनीची नीती हा विषय मला पुस्तकी वाटत नाही तो ह्या मावशींमुळंच.

मग मूल्यं पाळायची म्हणजे रोज काय करायचं?

बरीचशी कामं अगदी साधी आहेत, आणि साधी आहेत म्हणूनच टाळली जातात. सपोर्टचा फोन आला की कंपनीचा पोरगा एनीडेस्कनं, म्हणजे लांबनं दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरनं, संस्थेच्या कॉम्प्युटरात शिरतो, बऱ्याच ठिकाणी सगळ्या पोरांना एकच ॲडमिन पासवर्ड असतो, तो नोकरी सोडून गेलेल्या पोराला पण पाठ असतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन, कोण कधी शिरला ह्याची नोंद, आणि काम झालं की परवानगी बंद, एवढं केलं तरी अर्धा धोका कमी होतो. नवीन गिऱ्हाईकाला डेमो दाखवताना काहीजण दुसऱ्या संस्थेची खरी खाती उघडून दाखवतात, "बघा, अमक्या संस्थेत आमचंच चालतंय" म्हणून. हे बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. डेमोसाठी खोटी नावं टाकून वेगळा डेटा बनवायला एक दिवस लागतो, तेवढा काढा.

दुसरं, लागणार नाही ती माहिती मागायचीच नाही. क्लासच्या ॲपला पोराची जात आणि वडिलांचं उत्पन्न कशाला हवं? जी माहिती आपल्याकडं नाही ती चोरीला जात नाही.

तिसरं, दर आणि बाहेर पडायची वाट उघड ठेवायची. ग्राहकाला गोंधळात टाकून पैसे काढणाऱ्या स्क्रीनना डार्क पॅटर्न म्हणतात, नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असले १३ प्रकार नावानिशी ठरवून त्यांना बंदी घातली, त्यात वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा फेऱ्या हा प्रकार पण आहे. आपल्याकडच्या छोट्या धंद्यात ह्याचं रूप वेगळं दिसतं: संस्था दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला निघाली की जुना व्हेंडर डेटा देत नाही, किंवा अशा रूपात देतो की उघडतच नाही, किंवा डेटा द्यायचे म्हणून भलतीच रक्कम मागतो. गहू अडवून ठेवायचाच हा प्रकार.

ग्राहकानंच चुकीचं काम सांगितलं तर?

हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण धंद्यात रोज येतो आणि इथंच खरा कस लागतो. मार्च अखेर आली की फोन येतो, "मागच्या तारखेची एंट्री टाकायची सोय करून द्या", "ही डिलीट झालेली दिसू नये असं करा". तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या तासाचं काम. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरायची सक्ती आहे ज्यात कुणी कधी काय बदललं ह्याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही, हिला एडिट लॉग म्हणतात. सहकारी संस्था त्या कायद्याखाली येत नाहीत, मग तिथं काय करायचं? माझं मत पक्कं आहे, तिथं पण लॉग ठेवायचा आणि बंद करायचं बटण द्यायचंच नाही, अगदी आपल्याला स्वतःला पण नाही. चूक दुरुस्त करायला उलट एंट्रीची सोय आहे की. पतसंस्था बुडाली की सगळ्यात आधी रडायची पाळी ठेवीदारांवर येते, आणि बुडालेल्या संस्थेच्या खोट्या नोंदी कुणाच्या तरी सॉफ्टवेअरातनंच गेलेल्या असतात.

एखादं गिऱ्हाईक ह्यामुळं जातं. जातं म्हणजे खरंच जातं, पुढच्या वर्षी एएमसी येत नाही. ज्या कंपनीचं निम्मं उत्पन्न एकाच गिऱ्हाईकावर आहे ती असं "नाही" म्हणू शकत नाही, म्हणून कुठलंही एक गिऱ्हाईक एकूण उत्पन्नाच्या फार मोठ्या वाट्याचं होऊ द्यायचं नाही, ही पण मूल्यं पाळायचीच तयारी आहे.

पैसे पुरतात का पण?

समजायला सोपं जावं म्हणून हिशोब मांडतो, हा कुठल्या एका कंपनीचा नाही. धरून चला १५० गिऱ्हाईकं, प्रत्येकी वर्षाला १८ हजार, झाले २७ लाख. पाच माणसं, सरासरी महिना ३० हजार पगार, वर्षाचे १८ लाख. भाडं, लाईट, सर्व्हर, चिकोडी-संकेश्वर-गोकाक फिरायचं पेट्रोल धरून आणखी ४ ते ५ लाख. उरलं ते चार-पाच लाख, त्यातनं कर, आणि अडचणीच्या वर्षासाठी शिल्लक. श्रीमंत व्हायचा हा आकडा नाही, पण घरचं जेवण जेवून, आईवडिलांजवळ राहून पाच जणांचं चालतं. बेंगळूरात हेच पगार भाड्यात जातील, म्हणून सीमाभागात बसून काम करायचा खरा फायदा खर्चात आहे.

दोन गोष्टी सुरुवातीलाच समजून घ्या. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के लावावे लागतात, दर सांगतानाच हे स्पष्ट सांगा, नंतर वाद नको. दुसरं म्हणजे उधारी, छोट्या कंपन्या तोट्यानं मरत नाहीत तेवढ्या उधारीनं मरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. कोर्टात जायची गरज पडत नाही, बिलाखाली ही ओळ छापली तरी बऱ्याच जणांचा चेक लवकर निघतो.

एवढी छोटी कंपनी उद्या बंद पडली तर?

हा आक्षेप रास्त आहे, चेअरमन लोक हाच विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. मोठी कंपनी पण सॉफ्टवेअर बंद करते, फक्त ती तुमचा फोन उचलत नाही. छोट्या कंपनीकडनं तीन गोष्टी लेखी घ्या. डेटा दर महिन्याला तुमच्याच जागेवर, एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या रूपात जमा होईल. बंद करायचं झालं तर किमान सहा महिने आधी कळवू. आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ लिहिलेली प्रत, वकील किंवा सीएकडं सीलबंद ठेवू आणि कंपनी बंद पडली तर ती तुम्हाला मिळेल. जी कंपनी तिन्हीला हो म्हणते ती तुम्हाला बांधून ठेवायच्या भरवशावर धंदा करत नाही.

कायदा आलाय, मग नीतीचं काय काम?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतायत. त्यात एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या अजून ध्यानात आलेली नाही. माहिती कशासाठी घ्यायची हे ठरवणारी संस्था, म्हणजे पतसंस्था, दवाखाना, क्लास, तीच कायद्यापुढं जबाबदार. सॉफ्टवेअरवाला हा तिच्या वतीनं काम करणारा. माहिती सॉफ्टवेअरवाल्याच्या हातनं फुटली तरी सरकार आधी संस्थेच्या दारात येणार, "आम्हाला काय माहीत, ते कॉम्प्युटरवाल्याला विचारा" हे चालणार नाही. सॉफ्टवेअरवाल्याशी लेखी करार असणं पण बंधनकारक आहे. माहिती फुटली तर ज्यांची आहे त्यांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

ह्याच कायद्यात सीमाभागासाठी फार मोलाची तरतूद आहे. माहिती घेताना जी सूचना आणि संमती घ्यायची, ती माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागते. त्यात कन्नड आहे, मराठी पण आहे. खानापूरच्या आजीला मराठीत आणि गोकाकच्या अज्जांना कन्नडात, सही कशावर करतोय हे वाचता आलं पाहिजे. भाषेवरनं इथं किती वाद झाले ते आपल्याला माहीत आहे, पण ह्या एका कामात इथली छोटी कंपनी मुंबई-बेंगळूरच्या कंपनीपेक्षा पुढं जाऊ शकते, कारण दोन्ही भाषा बोलणारी माणसं तिच्या ऑफिसातच बसलेली असतात.

कायदा मात्र झालेल्या चुकीला दंड लावतो. फाइल कॉपी करायचा मोह होतो तेव्हा खोलीत सरकार नसतं.

सेक्रेटरी, डॉक्टर, क्लासवाले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी ह्या वेळी एएमसीचा चेक काढायच्या आधी एक करून बघावं. व्हेंडरला साधा मेल टाका, आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये द्या आणि तुमच्यातल्या कुणाकुणाला आमचं लॉगिन आहे त्यांची नावं कळवा. किती दिवसांत येतंय ते बघा, आलेली फाइल उघडून दहा-बारा खाती तुमच्या वहीशी ताडून बघा, आणि नाहीच आली तर मेलची प्रिंट काढून संचालकांच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठेवा.